भट्टीतला घडा आणि हरवलेली प्रोसिजर



रोह्याहून पेणला गाडीने येताना नागोठणं गेलं, कासू गेलं, की माझ्या डोक्यात व्याख्यानाची जुळवाजुळव सुरू होते आणि पेण स्टेशन येईपर्यंत ती मोडतेही. आज तसं झालं नाही, कारण आजचा विषय गेले सात-आठ महिने मला छळतो आहे. संयोजकांनी पत्रिकेत 'तत्त्वज्ञान आणि तंत्रज्ञान' असं भारदस्त शीर्षक छापलंय. ते बाजूला ठेवा. मी एका बटणावर टीका करायला आलो आहे. (हशा)

साधारणपणे टीका पुस्तकावर होते, नाटकावर होते. पण ज्या वस्तूशी आपण रोज बोलतो, जी आपल्याला काही आश्वासन देते आणि ते पाळते किंवा मोडते, तिच्यावर टीका का करू नये? संगणकावरचं साधन हेही एक भाषिक कृत्य आहे. त्यावर शब्द लिहिलेले असतात. त्या शब्दांवर विश्वास ठेवून माणूस हात पुढे करतो.

आधी घडलेलं सांगतो. आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी निवृत्तीनंतर बरीच वर्षं आहे. वाचनालय कोणतं, ते विचारू नका. तिथे पुस्तकांची देवघेव संगणकावर होते. ही सगळी व्यवस्था आमच्या एका लेखनिकांनी एकहाती उभी केली. आम्ही सगळे त्यांना भाऊ म्हणायचो. बीकॉम झालेला माणूस, रात्री घरी बसून पुस्तकं वाचून प्रोग्रॅमिंग शिकला. विलंब शुल्क किती लावायचं, याचा हिशोब करणारी एक प्रोसिजर त्यांनी डेटाबेसमध्ये लिहून ठेवली होती.

ज्यांना हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. डेटाबेस म्हणजे नुसती माहितीची कोठी नव्हे. त्या कोठीतच काही हिशोबाच्या कृती नाव देऊन साठवता येतात. एकदा लिहायची, नाव द्यायचं, पुढे नुसतं नाव घेतलं की काम होतं. हिलाच स्टोअर्ड प्रोसिजर म्हणतात. आपल्याकडच्या लहान संस्थांमध्ये सर्रास आढळणाऱ्या मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये ही सोय २००५ साली, पाच क्रमांकाच्या आवृत्तीत आली.

भाऊ चार वर्षांपूर्वी गेले. प्रोसिजर चालत राहिली. मग कार्यकारिणीने ठराव केला की पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सभासदांना पुस्तक ठेवायला आणखी आठ दिवस द्यावेत. म्हटलं तर माझ्याच सोयीचा ठराव. आणि मी म्हणालो, "एवढ्यासाठी बाहेरून माणूस कशाला बोलवायचा? मी करतो." हा अहंकार मला नोंदवायलाच हवा.

वाचनालयाच्या डेटाबेसची देखभाल ब्राउझरमधून करता येते, त्यासाठी एक साधन आहे. त्यात गेलो, प्रोसिजरच्या नावासमोर 'एडिट' होतं, ते दाबलं. भाऊंचा मजकूर समोर आला. मधेमधे मराठीत टिपा. मी एक ओळ घातली आणि बटण दाबलं. लाल पट्टी आली, तुमच्या मजकुरात अमुक ओळीवर चूक आहे. मी एक अर्धविराम गाळला होता. ठीक आहे, म्हटलं, चूक झाली, म्हणजे बदल झाला नाही, म्हणजे जुनं तसंच आहे. पट्टी बंद केली, यादीत परत गेलो. यादीत ते नावच नव्हतं.

चूक माझी होती, हे मी दहा वेळा कबूल करेन. पण माझी चूक नव्या मजकुरात होती. जुन्या मजकुरात एकही चूक नव्हती, तो दहा वर्षं बिनतक्रार चालला होता. मग नव्याच्या चुकीची शिक्षा जुन्याला का? तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हे झोंबतं. 'बदल फसला' या वाक्यातून 'मूळ शाबूत आहे' हे निष्पन्न होतं, अशी आपली सगळ्यांची धारणा असते. आपण त्यावर जगतो. दर्जी म्हणाला की साहेब, बाही जमली नाही, तर आपण समजतो की सदरा कपाटात आहे.

त्या साधनाचं नाव मी घेत नाही, आणि त्याने एकट्याने काही पाप केलं असंही नाही. मुळाशी गेलो तेव्हा कळलं ते असं. मायएसक्यूएलमध्ये 'ऑल्टर प्रोसिजर' अशी आज्ञा आहे. ऑल्टर म्हणजे बदला. पण त्या आज्ञेने प्रोसिजरच्या माथ्यावरचं टिपण बदलता येतं, ती कोणाच्या अधिकारात चालायची ते बदलता येतं. आतला मजकूर मात्र बदलता येत नाही. तो बदलायचा असेल तर एकच मार्ग, जुनी प्रोसिजर टाकून द्यायची आणि त्याच नावाने नवी निर्माण करायची. हे त्यांच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलेलं आहे. आणि टाकण्याची आज्ञा दिली की ती तिथेच पक्की होते. पैशांच्या व्यवहारात जसं 'सगळं रद्द' म्हणता येतं, तसं इथे म्हणता येत नाही. म्हणजे माझ्या समोर 'एडिट' असा शब्द होता, आणि त्यामागे 'आधी ठार मार, मग नवा जन्माला घाल' अशा दोन स्वतंत्र आज्ञा होत्या. पहिली यशस्वी झाली. दुसरी फसली.

आता मी माझ्या घरच्या अंगणात येतो. हा वाद नवा नाही हो. हा वाद आपल्या दर्शनांमध्ये शतकानुशतकं चाललेला आहे, आणि तोही कुंभाराच्या भट्टीवरून.

कच्चा घडा भट्टीत जातो तेव्हा काळसर असतो, बाहेर येतो तेव्हा लाल. मधे नेमकं काय घडलं? वैशेषिक म्हणतात, अग्नी घड्याच्या आतबाहेर भिनतो, तेव्हा अवयवांचे संयोग तुटतात. घडा नष्ट होतो, थेट परमाणूंपर्यंत सुटा होतो. रंग बदलतो तो परमाणूंचा. मग ते लाल परमाणू पुन्हा जुळतात आणि नवा घडा तयार होतो. परमाणूला त्यांच्या परिभाषेत पीलु म्हणतात, म्हणून हा पीलुपाकवाद. नैयायिकांना हे पटत नाही. ते म्हणतात, घडा सच्छिद्र आहे, अग्नी छिद्रांतून आत जातो आणि घडा अखंड असतानाच त्याचा रंग बदलतो. पिठर म्हणजे भांडं, म्हणून हा पिठरपाकवाद.

विद्यार्थिदशेत मला हा वाद म्हणजे पंडितांचा रिकामपणाचा उद्योग वाटायचा. वैशेषिकांनी तर घडा मोडून पुन्हा जुळायला किती क्षण लागतात याचे हिशोब केले आहेत, नऊ क्षण, दहा क्षण, अकरा क्षण. आम्ही वर्गात हसायचो. सत्तरी उलटल्यावर मी एका लाल पट्टीसमोर बसलो आणि मला कळलं की ते क्षण खरे असतात.

कारण नैयायिकांचा आक्षेप काय होता? ते म्हणाले, घडा मधल्या क्षणी खरंच नष्ट होत असेल, तर भट्टीत त्याच्यावर रचलेली दुसरी भांडी कोसळायला हवीत. ती कोसळत नाहीत, म्हणजे घडा मधे नष्ट होत नाही. हा आक्षेप डेटाबेसला लावून पाहा. जुनी टाकली आणि नवी अजून आली नाही, या मधल्या वेळात दुसऱ्या खोलीतल्या संगणकावरून कोणी पुस्तक परत घेत असेल आणि त्याने ती प्रोसिजर हाक मारून बोलावली, तर सर्व्हर सांगतो, अशी प्रोसिजर अस्तित्वात नाही. वरचं भांडं कोसळलं! कोणाला ती चालवायचा खास हक्क दिलेला असेल, तर मूळ वस्तूबरोबर तोही गळून पडू शकतो. म्हणजे घड्याच्या बाबतीत कोण बरोबर हे मला सांगता येणार नाही, पण मायएसक्यूएल कट्टर वैशेषिक आहे. (हशा)

आणि आणखी एक गंमत. वैशेषिकांना विचारलं गेलं की भट्टीत कुंभार नसताना परमाणूंनी पुन्हा हुबेहूब तोच घडा का जुळवावा? त्यावर त्यांचं उत्तर असं की ज्यांना पुढे त्या घड्याचा भोग घ्यायचा आहे, त्यांचं अदृष्ट ते घडवून आणतं. भोक्ता म्हणजे आजच्या भाषेत युजर. तेव्हा सगळा भार युजरच्या नशिबावर! माझं अदृष्ट त्या दिवशी कमी पडलं.

सगळे डेटाबेस असे नाहीत. ओरॅकलमध्ये 'क्रिएट ऑर रिप्लेस' अशी एकच आज्ञा आहे; नवा मजकूर नाव बदलून नव्हे, त्याच नावावर बसतो. पोस्टग्रेसमध्ये तशी आज्ञा तर आहेच, शिवाय टाकणं आणि निर्माण करणं या दोन्ही गोष्टी एका व्यवहारात बांधता येतात. दुसरी फसली तर पहिलीही झालीच नाही असं धरलं जातं. मायक्रोसॉफ्टने आपल्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'क्रिएट ऑर ऑल्टर' ही सोय २०१६ साली दिली. मायएसक्यूएलमधूनच फुटून निघालेल्या मारियाडीबीनेही ही सुधारणा करून घेतली. आणि खुद्द मायएसक्यूएलमध्ये व्ह्यू नावाची जी वस्तू असते ती जागच्या जागी बदलता येते, ठरावीक वेळी आपोआप चालणारे इव्हेंट असतात त्यांचाही मजकूर बदलता येतो. एकाच घरात थोरल्याला एक न्याय आणि धाकट्याला दुसरा. अशक्य होतं म्हणून केलं नाही, असं म्हणायला जागा उरत नाही.

मग साधन बनवणाऱ्याची जबाबदारी किती? तो म्हणेल, सर्व्हरने मला दुसरा रस्ताच दिला नाही, मी काय करू? हा बचाव मी गंभीरपणे घेतो, आणि तो अर्धाच मान्य करतो. पीएचपीमायअ‍ॅडमिन हे या जातीचं सर्वांत प्रसिद्ध साधन, १९९८ साली सुरू झालेलं. त्याने हा धोका ओळखला. तिथे टाकण्यापूर्वी जुना मजकूर हाताशी घेतला जातो, नवा फसला तर जुना परत बसवण्याचा प्रयत्न होतो, आणि तोही फसला तर साधन माफी मागून सांगतं की टाकलेली प्रोसिजर परत आणता आली नाही, आणि हाताशी ठेवलेला मजकूर तुमच्यासमोर ठेवतं. हे प्रामाणिकपणाचं वागणं आहे. माझ्यासमोर त्या दिवशी अशी माफी आली असती तर मी मजकूर उचलून वहीत तरी लिहिला असता.

पण जरा त्या माफीच्या अलीकडे थांबा. जुना परत बसवणं फसतं कशामुळे? टाकण्याचा हक्क वेगळा आणि निर्माण करण्याचा हक्क वेगळा असतो. एखाद्याला पहिला असतो, दुसरा नसतो. प्रोसिजर दुसऱ्या कोणाच्या नावावर असते आणि त्या नावाने निर्माण करायला तुम्हाला परवानगी नसते. जुन्या काळच्या ढिल्या नियमांत लिहिलेला मजकूर आजच्या कडक नियमांत बसत नाही. किंवा साधं कारण, आपल्याकडचं, दोन आज्ञांच्या मधे नेट जातं. रोह्यात बसलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. यातली पहिली तिन्ही कारणं आधी तपासता येतात. आणि नव्या मजकुरातली व्याकरणाची चूक तर सहज आधी पकडता येते. तो मजकूर एखाद्या तात्पुरत्या नावाने निर्माण करून बघायचा. सर्व्हरने स्वीकारला, तर तात्पुरती काढून टाका आणि मग जुन्याला हात लावा. नाही स्वीकारला, तर जुन्याच्या केसालाही धक्का नाही. मी विचारतो, माझा गाळलेला अर्धविराम पकडण्यासाठी भाऊंची प्रोसिजर मारण्याची गरज काय होती? परीक्षा नव्याची, आणि बळी जुन्याचा.

ही शहाणीव काही परदेशातून आणायची नाही. इथे पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यात जाऊन बघा. नवा साचा केला की त्यातून पहिली मूर्ती काढतात, सोंड, बोटं, कान नीट उठले का ते बघतात. तोवर जुना साचा कोणी फोडत नाही. मी हे हमरापूरला माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि मी कारागिराला "का" असं विचारलं तेव्हा त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तेवढं तुच्छ मला पीएचडीच्या तोंडी परीक्षेतही कोणी लेखलं नव्हतं.

दुसरं उदाहरण तलाठ्याचं. तलाठ्याची स्तुती करणारं व्याख्यान तुम्ही पहिल्यांदाच ऐकत असाल. जमीन विकली गेली की गाव नमुना सहामध्ये फेरफार पडतो. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्तांच्या वेगळ्या नोंदवहीत जातं. हस्तलिखित सातबाराच्या काळात नवी नोंद आधी पेन्सिलीने व्हायची, आणि फेरफार प्रमाणित झाल्यावरच ती शाईची व्हायची. फेरफार नामंजूर झाला, तर पेन्सिल पुसली जायची आणि जुना खातेदार होता तिथेच असायचा. मंजूर झाला तरी जुनं नाव खरवडून काढत नसत, त्याला कंस करत. चाळीस वर्षांनी नातू आला तरी कंसातलं आजोबांचं नाव त्याला वाचता यायचं. 'फेरफार' हा शब्दच किती नेमका आहे बघा. त्यात नाश नाही. संगणकवाल्यांनी 'एडिट'चं मराठी 'संपादन' केलं. संपादन म्हणजे मिळवणं. मी तर होतं ते गमावलं.

नष्ट करण्याला माझा तात्त्विक विरोध आहे असं समजू नका. विनोबा याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म १८९५ चा. १९१६ साली इंटरच्या परीक्षेला निघालेल्या या मुलाने शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं चुलीत घातली. तिथे नष्ट करणाऱ्याला काय नष्ट होतंय हे ठाऊक होतं, आणि ते त्याचं स्वतःचं होतं. माझ्या बाबतीत दोन्ही नव्हतं.

एक आक्षेप मला तरुण मंडळी लगेच घेतील, आणि माझ्या एका विद्यार्थ्याने तो घेतलाही. तो पुण्याला याच क्षेत्रात आहे. म्हणाला, "सर, डेटाबेसमधली प्रत ही एकमेव प्रत ठेवायचीच नसते. मजकूर बाहेर फाइलमध्ये असावा, गिटमध्ये असावा. आणि बॅकअप?" बॅकअप होता की! दर रविवारी व्हायचा. आम्ही मोठ्या विश्वासाने तो उघडला. त्यात पुस्तकं होती, सभासद होते, पहिल्या दिवसापासूनची देवघेव होती. प्रोसिजर नव्हती. कारण मायएसक्यूएलचं प्रत काढण्याचं जे नेहमीचं साधन आहे, ते वेगळं सांगितल्याखेरीज प्रोसिजर प्रतीत घेतच नाही. ट्रिगर घेतं, प्रोसिजर नाही. सर्व्हरच्या नोंदवहीत, म्हणजे बायनरी लॉगमध्ये, ती निर्माण करण्याची मूळ आज्ञा सापडू शकते. पण दहा वर्षांपूर्वीची नोंदवही कोण ठेवतो?

विद्यार्थ्याचं म्हणणं बरोबरच आहे. पण ज्याच्याकडे बाहेर फाइल आहे, गिट आहे, पगारी माणूस आहे, तो ब्राउझरमधलं हे साधन कशाला उघडेल? ते साधन आहेच मुळी आमच्यासारख्यांसाठी, जिथे एक भाऊ असतात आणि भाऊंनंतर कोणी नसतं. निष्णात पोहणाऱ्याला चालेल अशी होडी बांधायची आणि ती न पोहणाऱ्यांना विकायची, यातला हा प्रकार आहे.

नैयायिकांनी अभावाचेही प्रकार केले आहेत. घडा घडण्यापूर्वी नसतो तो प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण घडा झाला की शेवट आहे. घडा फुटल्यावर नसतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. पडद्यावरच्या यादीत दोन्ही अभाव सारखेच दिसतात, नुसती रिकामी ओळ. मी नवी प्रोसिजर त्याच नावाने कितीही वेळा केली, तरी ती नव्याचा प्रागभाव संपवते. भाऊंच्या मजकुराचा प्रध्वंस तसाच राहतो.

आणि त्या मजकुरात नुसता हिशोब नव्हता, हे आम्हाला नंतर उमगलं. पाच मिनिटांत दुसरी लिहू, असं वाटून आम्ही बसलो आणि पहिल्याच आठवड्यात काउंटरवर भांडणं सुरू झाली. "आम्हाला कधी एवढा दंड लागत नव्हता!" कार्यकारिणीच्या इतिवृत्तात बघावं तर काही नाही. दहा वर्षांत कोणी तोंडी सांगितलं, भाऊंनी मान डोलवली आणि एक ओळ घातली, असं चाललेलं. वाचनालयाचा न्याय त्या ओळींमध्ये साठलेला होता आणि आमच्यापैकी कोणालाही तो पाठ नव्हता.

मग मी आणि आमच्या ग्रंथपालबाई जुनी पावती पुस्तकं घेऊन बसलो. पावती हे कार्य, नियम हे कारण. नदीला पूर दिसला की वर पाऊस झाला असणार, हे कार्यावरून कारणाकडे जाणारं शेषवत् अनुमान मी तीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो. इथे ते अक्षरशः कामाला आलं. जुलैतल्या काही दिवसांचा दंड कोणालाच लागलेला नव्हता. तारखा जुळवल्यावर बाई म्हणाल्या, "सर, हे कुंडलिकेला पाणी चढलं तेव्हाचे दिवस." दहावीच्या मुलांना मार्चमध्ये सूट होती. एका वेळी कितीही पुस्तकं थकली तरी दंड एका ठरावीक रकमेवर थांबत होता. असे सात नियम आम्ही परत मिळवले, नव्या प्रोसिजरमध्ये घातले, आणि यावेळी प्रत्येक नियम इतिवृत्तात लिहून घेतला. मजकूर कागदावर छापून कपाटातही ठेवला आहे.

एक गोष्ट मात्र सुटली नाही. एका सभासद क्रमांकाला दहा वर्षांत एकदाही दंड लागलेला नाही, पुस्तकं महिना महिना उशिरा येऊनही. ते गृहस्थ आता हयात नाहीत, भाऊही नाहीत. बाईंनी विचारलं, हा नियम घालायचा का? म्हटलं, घाला.